समोरून हलू नका

आमचे हे तसे साधे. छोटासा स्टुडिओ आणि काम पासपोर्ट फोटोचं. मान सरळ ठेवा, कान दिसू द्या, झालं. पण एकदा का यांच्या डोक्यात किडा वळवळला की घरातल्या वस्तूंनी जीव मुठीत धरावा. माझं भिंतीवरचं घड्याळ असंच गेलं. एका दुपारी बघते तर भिंतीवर नुसता गोल पांढरा डाग आणि घड्याळाची चाकं, चावी, स्प्रिंग सगळं यांच्या टेबलावर.

"अहो, हे काय?"

"कॅमेरा फिरवायला लागतंय," हे म्हणाले, जणू मीच खुळ्यासारखं काहीतरी विचारलं.

याच्या मुळाशी माझी आई. तिची नजर अधू होत चालली होती. फार दिवस राहायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आईचं एकच मागणं: "नजर जायच्या आत माझी सगळी मुलं एका फोटोत बघायची आहेत मला." साधं वाटतं ना? पण दादा आणि धाकटा, माझे दोन्ही भाऊ, त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारण काय, तर शिडी! बाबांची हिरवी लाकडी शिडी. तिची एक पायरी मोडली. दादा म्हणे याने मोडली, धाकटा म्हणे त्याने. दोघं "माझी शिडी, माझी शिडी" करत बसले आणि शिडी पडली अडगळीत. तेव्हापासून एक अंगणाच्या या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला. जवळ उभं राहा म्हटलं की दोघंही चपला घालून चालू लागत. आणि यांच्या साध्या कॅमेऱ्यात एक मावला की दुसरा बाहेर.

दुसरा कुणी असता तर भावांची समजूत काढत बसला असता. हे म्हणाले, "ते हलत नाहीत ना? मग कॅमेरा हलवू."

चावी दिली की कॅमेरा स्वतःभोवती सावकाश फिरायचा, आत फिल्म सरकायची आणि एका बारीक फटीतून समोरचं थोडं थोडं टिपलं जायचं. पहिल्या प्रयोगात मांजराला दोन डोकी आली. दुसऱ्यात मी आले, दाराएवढी रुंद. त्यावरून आमच्यात बराच अबोला झाला.

शेवटी एका सकाळी सगळे जमले. आईला मधोमध खुर्चीत बसवलं. डाव्या टोकाला दादा, उजव्या टोकाला धाकटा, मध्ये आम्ही बहिणी, वहिन्या, पोरंटोरं. कॅमेऱ्याची तिवई चांगली उंच होती आणि काळ्या फडक्यानं खालपर्यंत झाकलेली. लाकूड कुठून आणलं विचारलं तर हे शीळ घालायला लागले.

"कॅमेरा हळूहळू फिरेल," हे ओरडले. "कुणीही समोरून हलू नका!"

आमचा दादा म्हणजे सांगितलं तेवढं अक्षरशः करणारा माणूस. कॅमेरा त्याच्यावरून पुढे सरकला. दादाने पाहिलं, आपण आता समोर नाही! झालं, स्वारी कॅमेऱ्याबरोबर चालू लागली.

"दादा, कुठे निघालात?" हे किंचाळले.

"समोरून हलू नका म्हणालात ना? समोरच राहतोय!"

थोरला निघाला म्हटल्यावर वहिनी निघाल्या, त्यांच्यामागे पोरं. बघता बघता अख्खं डावं अंगण उजवीकडे निघालं. मी कपाळावर हात मारला. फोटोत तशीच आलेय.

दादा तिरका तिरका चालत, कधी पुढे धावत, कधी थांबून पोट आत घेत, थेट धाकट्याच्या पायावर जाऊन उभा राहिला.

"आई गं! दिसत नाही का तुला?"

इतक्या वर्षांत धाकटा दादाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता दोघंही तरातरा निघून जाणार, आणि आईचा फोटो कायमचा राहून जाणार.

तेवढ्यात फिरता फिरता कॅमेऱ्याने स्वतःचंच काळं फडकं गुंडाळून वर ओढलं. तिवईचा एक पाय उघडा पडला. हिरवागार, पायऱ्यांच्या खाचांसकट.

दादाने पाहिलं. धाकट्याने पाहिलं.

"अरे," दादा धाकट्याला म्हणाला, "ही आपली शिडी!"

"कापली की रे यांनी! आपली शिडी कापली!"

आपली! मी या कानांनी ऐकलं. माझे डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठे? यांनी धूम ठोकली होती आणि दोघं भाऊ मागे. माझ्या घड्याळाची स्प्रिंग ती, मध्येच थोडीच थांबते! कॅमेरा त्यांच्यामागून फिरतच राहिला.

फोटो एवढा लांब झाला की आईच्या खोलीत कोपऱ्यातून वळवून दोन भिंतींवर लावावा लागला. दादा ठिकठिकाणी आहे, एका जागी तर त्याचं पोट वीतभर ताणलंय. आई मधोमध, पोट धरून हसणारी. आणि शेवटाला हे पळताहेत, त्यांच्यामागे दोन्ही भाऊ, खांद्याला खांदा लावून, एकसारख्या मुठी उगारून.

"बिघडला," हे हिरमुसून म्हणाले.

आई भिंतीला नाक लावून त्या शेवटच्या तुकड्याकडे बघत राहिली. दोघांच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवलं. मग यांना जवळ बोलावून हळूच म्हणाली,

"जावईबापू, शिडी थोडी उरलीय का हो? जपून ठेवा. पुन्हा भांडले की कापायला लागेल."