पिवळ्या रंगाखालची कडी

मास्तरांनी अंगठ्याचं नख साखळीवर दाबून खरवडलं, तशी पिवळ्या रंगाची साल नखाबरोबर निघून आली. रंग अजून ओला होता. बोटांना चिकटला, तो पँटला पुसला, तर पँटही पिवळी झाली. "शी!" मास्तर म्हणाले, आणि ते नुसतं रंगाला नव्हतं.

सगळे त्यांना कडीमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीपर्यंतचाच. पण अवजड यंत्रं वाहून नेणाऱ्या त्या यार्डातून गेली बावीस वर्षं एकही ट्रेलर त्यांनी साखळीची कडी न् कडी हातातून सरकवल्याशिवाय बाहेर सोडला नव्हता. हातमोजे घालत नसत. हातमोज्याला चीर कळत नाही, म्हणत. कडीवर दर्जाचा आकडा ठोकलेला असतो, टोकाच्या बिल्ल्यावर किती टनांचा ताण चालेल ते लिहिलेलं असतं. दोन्ही वाचता आलं नाही तर मास्तरांच्या लेखी ती साखळी नव्हे, म्हशीचं दावं. कायदाही तेच म्हणतो. पण कायदा यार्डात वर्षातून एकदा यायचा, मास्तर रोज यायचे.

आज वीस टनांचा पोकलेन घेऊन ट्रेलर घाट उतरणार होता. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, पाचवी सोंडेला. वाटेत नाक्यावर तपासणी आहे असं कळलं, म्हणून मालकांनी काल संध्याकाळी सगळ्या साखळ्या रंगवून घेतल्या होत्या. कशा नव्यासारख्या दिसतात बघा, असं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. गंज, चिरा, आकडे, सगळं रंगाखाली गडप. खरकटं ताट न घासता त्यावरच गरम वाढावं, तसली ही स्वच्छता.

चौथ्या साखळीवर त्यांचा अंगठा अडखळला. ही साखळी ते ओळखत होते. हिच्या एका कडीला चीर गेली होती, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ती ग्राइंडरने कापून भंगारात टाकली होती. तशीच ठेवली की कुणाला तरी मोह होतोच. आता ती अखंड होती. मधल्या कडीवर वेल्डिंगचा जोड होता, आणि जोड कसा, तर निष्णात शिंप्याच्या टाक्यांसारखा एकसारखा. असा हात यार्डात एकाचाच, मास्तरांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. त्याला इथे चिकटवणारेही मास्तरच.

त्यांनी भावाला हाक मारली. तो वेल्डिंगची काच कपाळावर सरकवत आला, त्याच्यामागे मालकही आले. मालकांनी सांगितलं म्हणून जोडली, भाऊ म्हणाला. वर हेही म्हणाला, की साखळी कुठेही तुटेल, पण माझ्या जोडावर तुटायची नाही. तोंडावर चक्क अभिमान.

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले. "जोड धरेल रे. पण तुझ्या आचेने शेजारच्या कड्या नरम पडल्या, त्यांचं काय?"

मालकांनी घड्याळ बघितलं. बावीस वर्षांत कधी काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. का झालं नाही, हे मात्र त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मास्तर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी ती साखळी पोकलेनला अडकवली, ताण देणारा लिव्हर लावला आणि ओढायला घेतला. साखळी कडकडली.

"ये, इथे साखळीच्या रेषेत उभा राहा," ते भावाला म्हणाले. "ड्रायव्हर हिच्या भरवशावर अख्खा घाट उतरणारे. तू फक्त लिव्हर बसेपर्यंत थांब."

भावाने साखळीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरकला. आपण सरकलो हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. केबिनमधल्या ड्रायव्हरला मात्र ते आरशात दिसलं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरून चावी मालकांच्या हातात ठेवली आणि नळावर तोंड धुवायला निघून गेला.

ट्रेलर त्या दिवशी हलला नाही. हलले ते मास्तर. उद्यापासून यायची गरज नाही, मालक म्हणाले. भाऊ जमिनीकडे बघत उभा राहिला. 'राहू द्या, मालक' एवढे तीन शब्द पुरले असते, पण तेवढेही त्याच्या तोंडून फुटेनात. रंगाची आली नव्हती एवढी किळस मास्तरांना त्या गप्प तोंडाची आली.

घरी त्यांनी रॉकेलने तीनदा हात धुतले. नखांतला पिवळा जाईना. जाईल हळूहळू, आधी जेवून घ्या, बायको म्हणाली. पण तो हात तोंडापर्यंत नेववेना. चमच्याने जेवले.

चौथ्या दिवशी ते राहिलेला डबा आणायला गेले. फाटक बंद होतं. आत ट्रेलर भरून तयार उभा होता आणि पोकलेनला पाच नव्या साखळ्या होत्या, करड्या, बिनरंगाच्या, बिल्ल्यांसकट. मास्तरांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. पिवळी साखळी आता फाटकाला कुलूप घालायला लावली होती. उभ्या उभ्या त्यांची बोटं सवयीने तिच्या कड्यांवरून सरकत गेली, जोडापाशी थबकली आणि मागे आली.

भाऊ बाहेर आला. त्याने फाटक उघडलं नाही, गजांमधूनच डबा पुढे केला.

"धुतलाय, दादा."

मास्तरांनी मान हलवली आणि डबा घेतला. घरी आल्यावर त्यांनी तो पुन्हा घासला.