दोन पास्टर आणि एक वाटा

सोनीबाईच्या छपरीत त्या दिवशी देवाची माणसं दोन आली होती आणि प्लास्टिकची खुर्ची एकच होती. भांडण खरं तर तिथंच लागायचं, पण लागलं ते बोकडावरून.

खुर्ची पटकावली होती अंकुश ब्रदरनं. हा नवऱ्या मुलाकडचा पास्टर. सोनीबाईच्या करिश्माचं लग्न आठ दिवसांवर आलेलं आणि ते लावणार होता हाच. पांढराशुभ्र शर्ट, बुटांना पॉलिश, आणि आवाज असा की धानोऱ्याच्या बाजारात भोंग्याची गरज पडू नये. खाटेवर बसले होते सुनिल पास्टर. हे बल्लारपूरचे, महिन्यातून एकदा मोटारसायकल हाणत यायचे आणि गावातल्या तीन विश्वासी, म्हणजे येशूला मानणाऱ्या, घरांची उपासना घेऊन जायचे. लग्नाची प्रार्थना कोणी करायची आणि आशीर्वाद कोणी द्यायचा, हे गोडीगुलाबीनं ठरवायला दोघं आले होते. गोडीगुलाबी चहा संपेपर्यंत टिकली.

कारण तेवढ्यात गावदेवाकडून ढोल वाजला. आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण होता. देवाला दाखवल्याशिवाय इथं नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. त्या दिवशी देवापाशी बोकड कापतात आणि जितकी घरं तितके पळसाच्या पानात मटणाचे वाटे बांधतात. सोनीबाईच्या घरचा वाटा तिचा थोरला भाऊ लालसू आणायचा. तिचा नवरा सोमाजी वीस वर्षांपूर्वी दवाखान्यातून मरता मरता वाचून आला तो विश्वासी होऊनच. पण वाटा काही बंद झाला नाही. जुने पास्टर बापूजी होते तोवर हा प्रश्नच नव्हता. तिनं एकदा भीत भीत विचारलं होतं, तर त्यांनी ताटातला रस्सा चाटून सांगितलं, "सोनीबाई, मीठ जरासं कमी पडलं." एवढंच त्यांचं प्रवचन. गेल्या साली देवानं त्यांना बोलावून घेतलं, आणि त्यांच्या जागी हे शास्त्र कोळून प्यालेले सुनिल पास्टर आले.

"सिस्टर, तो वाटा या घरात येणार नाही ना?" अंकुश ब्रदरनं विचारलं.

"येते ना. माहा दादा आणते."

"मूर्तीला वाहिलेलं? अरे देवा! प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय! यरुशलेमच्या वडीलमंडळींनी चिठ्ठी लिहून कळवलं, मूर्तीला वाहिलेलं खायचं नाही. साफ लिहिलंय. तुम्ही खाल्लं तर मी लग्न लावणार नाही."

"अवं माय," सोनीबाई म्हणाली आणि तिनं सुनिल पास्टरकडे पाहिलं.

"घाबरू नका," सुनिल पास्टर म्हणाले. "ते चिठ्ठीचं वेगळं. प्रेषित पौलानं करिंथच्या लोकांना काय लिहिलं? बाजारात मिळते ते खा, कोणी पुढं वाढलं ते खा. फक्त इचारू नका. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मटण म्हणजे मटण. तुम्ही इचारू नका, बस."

"ही पळवाट झाली!"

"हे वचन हाय, ब्रदर!"

झालं. एकानं पुस्तक उघडलं, दुसऱ्यानं मोबाईल उघडला. एक म्हणे यरुशलेम, दुसरा म्हणे करिंथ. सोनीबाईनं ही दोन्ही गावं पाहिली नव्हती. तिला इतकंच कळलं की इचारू नको म्हणणारा आपल्या बाजूचा आहे, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण सुनिल पास्टर पडले बल्लारपूरचे. त्यांना इथली रीत काय ठाऊक! वाटा आणणारा माणूस तो गुपचूप आणत नाही. फाटकाबाहेर उभा राहून बोंब मारतो, कोणाचा वाटा, कुठल्या देवाचा, सगळं. घरच्या माणसानं बाहेर येऊन हातातून हातात घ्यायचा. तोवर आणणाऱ्यानं आत यायचं नाही, बसायचं नाही, आणि वाटा भुईवर ठेवायचा नाही. तो परत फिरला की ते घर वाट्यातून गेलं. मग छपरावरची कवेलू फेरायला कोणी येत नाही, धानाच्या रोवण्याला कोणी येत नाही, आणि मामा मांडवात पाय ठेवत नाही.

फाटकाशी लालसू आला. साठीचा माणूस, डाव्या गुडघ्यानं कधीचाच दगा दिलेला. दोन्ही हातांवर पानाचा पुडा धरून तो ओरडला, "गावदेवाचा वाटा वो! बोकड देवाले देल्ला, वाटा सोनीबाईच्या घरचा!"

सुनिल पास्टरांचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे बापा," ते म्हणाले, "सांगून टाकलं ना त्यानं! पौल पुढं म्हणते, कोणी सांगितलं का हे देवाले वाहिलेलं हाय, तं मग खाऊ नका. आता नाई जमत, सोनीबाई."

"प्रेज द लॉर्ड!" अंकुश ब्रदर खुर्चीतून उठलाच. सकाळपासून दोघांचं जमलं नव्हतं, ते सोनीबाईच्या भावाला हाकलण्यावर जमलं. मग ते का खाऊ नये, यावर पुन्हा जुंपली. एक म्हणे मटणात भूत बसतं, दुसरा म्हणे भूतबीत काही नाही, लोकांपुढची आपली साक्ष बिघडते. पुस्तक आणि मोबाईल एकमेकांच्या नाकापुढे नाचायला लागले.

ऊन चढलं. लालसू उभाच. करिश्मानं त्याला पाणी नेलं, तर त्याचे दोन्ही हात गुंतलेले. तिनं लोटा वर धरून त्याच्या तोंडात धार सोडली. निम्मं पाणी सदऱ्यावर गेलं. एक कुत्रं येऊन पुड्याकडे बघत बसलं होतं. त्यालाही घाई नव्हती.

"सोने!" लालसू ओरडला. "काऊन वेळ लावून राह्यली? हे लोकं कोन व्हय?"

"येतो दादा, उभा राह्य!"

"उभाच हावो ना वं! बसलो का?"

सोनीबाईला रडू आलं आणि रागही आला. तिला सोमाजीचं मरण आठवलं. चार वर्षं झाली. उन्हाळाच होता, हाच. विश्वासी माणूस म्हणून खड्डा वेगळ्या जागी काढायचा होता आणि ती जागा निघाली दगडाची. चर्चचे लोक म्हणाले सकाळी येतो, गाडी नाही. लालसूनं कुदळ घेतली. गावातले चार जण त्याच्या मागं आले. दगड फोडता फोडता त्याच्या तळहाताची सालटी निघाली आणि हा गुडघा तेव्हाच गेला. सोमाजी कुठल्या देवाकडे निघालाय, तिकडं गावदेवाचं चालतं का, हे त्यानं विचारलं नव्हतं.

ती उठली. "करिश्मा, वाच वं तू."

"काय वाचू?"

"जे हे दोघं वाचून राह्यले थेच. पन हे थांबते तिथी तू थांबू नको."

सुनिल पास्टरांनी पुस्तक नाखुशीनं दिलं. करिश्मा बारावी पास, वाचायला फाडफाड. कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर खाऊ नका, इथपर्यंत आली. अंकुश ब्रदर म्हणाला, "बस, बस!"

"बस काऊन? वाच."

करिश्मा वाचत गेली आणि जरा थबकली. "आई, इथी लिव्हलं हाय का, खाऊ नका ते ज्यानं सांगतलं त्याच्यासाठी. त्याच्या मनाले लागू नये म्हनून. आपल्या मनासाठी नाई म्हंते. समोरच्याच्या मनासाठी."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"ज्यानं सांगतलं तो कोन?" सोनीबाई म्हणाली. "तो तं थो उभा हाय."

"सिस्टर, त्याचा अर्थ तसा नाही," अंकुश ब्रदर म्हणाला.

"तसा म्हणजे अगदीच तसा नाही," सुनिल पास्टर म्हणाले, "पन... थांबा, मले पाहू द्या."

ती थांबली नाही. तरातरा फाटकाशी गेली. "दादा, एक सांग. खरं सांग. म्या हा वाटा खाल्ला तं तुह्या मनाले काई लागते का?"

लालसू तिच्याकडे बघतच राहिला. बहिणीचं डोकं उन्हानं फिरलं असं त्याला वाटलं असावं.

"खाल्ला तं कायले लागन? नाई खाल्ला तं लागते! दरसाल आनतो, यंदा दोन तास उभा ठेवलं. मनालेबी लागलं अन् गुडघ्यालेबी!" आणि इतका वेळ शिव्या घालणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा आवाज एकदम ओला झाला. "मले वाटलं, पोरीच्या लग्नात मले नको म्हनून राह्यली तू."

सोनीबाईनं दोन्ही हात पुढं केले आणि वाटा घेतला. पान उन्हानं सुकून कडक झालं होतं. ती छपरीकडे वळली तेव्हा तिचे डोळे वाहत होते, पण आवाज अगदी चोख होता.

"ब्रदर, लगन लावा का नोका लावू. पास्टर मले दोन सापडले, तिसराबी सापडन. मामा माह्या पोरीले एकच हाय."

अंकुश ब्रदर तडक आपल्या मोटारसायकलकडे गेला. किक मारली, एकदा, दोनदा, पाच वेळा. गाडी त्याच्या आवाजालाही भ्यायली नाही. सुनिल पास्टर पुस्तकात बोट घालून अजून तीच ओळ पुटपुटत होते. चुलीवर लसूण पडला तसे मात्र ते खाटेवरून उतरून पाटावर येऊन बसले. थोड्या वेळानं अंकुश ब्रदरही गाडी ढकलत सावलीत आला आणि जेवण कशाचं आहे म्हणून करिश्माला विचारू लागला.

"इचारू नका, ब्रदर," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढं वरण-भात ठेवला.

लालसू भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब सोडून. सोनीबाईनं त्याच्या पानावर रस्सा ओतला, आपल्या पानावर ओतला आणि डोळे मिटून हात जोडले. प्रार्थना लांबली, आज तिला बरंच बोलायचं होतं. लालसूचा घास हातात तसाच होता. ती कोणाशी बोलतेय आणि काय बोलतेय, हे त्यानं वीस वर्षांत विचारलं नव्हतं. तिनं डोळे उघडेपर्यंत तो थांबला, आणि मग दोघं जेवली.