अकरा कप

इनासने कप उचलला आणि त्याच्याबरोबर बशीही वर आली.

तिने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा मामाकडे. मुख्तार खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या छपरावरची कबुतरं मोजायचं काम जणू सरकारने त्याच्यावर सोपवलं होतं. पण त्याचे खांदे हलत होते.

"मामा, चौपन्नाचा झालास तू."

"गोंद झकास निघाला हा." शर्टाच्या खिशातली छोटी ट्यूब त्याने थोपटली. "आता बशीसकट पी. सांडलं तरी खाली जाणार नाही."

इनास हसली, पण वरवर. बशी सांभाळत तिने एक घोट घेतला आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. मुख्तारला पडद्यावरचे चढउतार कळायचे नाहीत, भाचीचा चेहरा कळायचा. त्याने खुर्ची पुढे ओढली.

तांता शहराच्या बाजारातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत इनासने सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन दुकान काढलं होतं. लग्नाच्या मुलींसाठी चिनी मातीची भांडी. मुख्तारने वीस वर्षं हीच भांडी हातगाडीवर विकली होती. आता तो तिची पार्सलं बांधायचा, आणि त्याने बांधलेल्या पार्सलातली एक बशीही आजवर फुटली नव्हती. फुटायला पार्सलं मात्र जायला हवीत. गेल्या आठवड्यात तीन गेली होती.

"आकडे बरोबर आहेत," इनास म्हणाली. कैरोतल्या एका माणसाकडून तिने ते विकत घेतले होते. कोणत्या गावात कोणता सेट खपतो, कोणता रंग, कोणत्या महिन्यात. "सगळ्यात जास्त मागणी पांढऱ्या, सोनेरी कडेच्या बहात्तर नगांच्या सेटला. मी तेच आणलं."

"आणि बाकीच्यांनी?"

बाकीच्यांनीही तेच आणलं होतं. एकट्या तांतात तोच सेट नऊ जण विकत होते, फोटोसुद्धा तोच, आणि रोज सकाळी कुणीतरी भाव आणखी उतरवायचं.

"त्या माणसाने नऊ जणींना एकच आरसा विकला," मुख्तार म्हणाला. "नऊही जणी एकच लिपस्टिक लावून लग्नाला आल्या. नवरदेवाने करायचं काय?"

"चेष्टा पुरे, मामा. ईद झाली की लग्नं सुरू. भांडवल उरलंय ते एका खरेदीपुरतं. ती चुकली तर दुकान बंद. अब्बांनी औषधाच्या दुकानात माझ्यासाठी गल्ल्यावरची जागा बोलून ठेवलीय. दर शुक्रवारी विचारतात, कधी येतेस म्हणून."

मुख्तारने दाढी खाजवली.

"गाडीवर असताना मी काय विकलं ते कधी लक्षात ठेवलं नाही. काय मागून बाई पुढे गेली, ते ठेवायचो. तुझ्याकडून हात हलवत गेलेल्या बायका कुठे दिसतात?"

"शोधायच्या चौकटीत लोक जे लिहितात ते साठतं. पण जे सापडलं नाही त्याची यादी म्हणजे कचरा रे. काहीही लिहितात."

"दाखव कचरा."

तिने दाखवला. मुख्तार मोठ्याने वाचू लागला, प्रत्येक ओळीला वेगळा आवाज देऊन.

"सासूचं तोंड बंद होईल असा सेट. अरे वा. कपाट भरेल पण खिसा रिकामा होणार नाही असं काहीतरी. ही माझी बहीण असणार."

"आई फोनवर लिहीत नाही."

"साखरदाणीचं फक्त झाकण, निळं फूल. एकच बशी, गुलाबी कड. एक कप, जुना सेट, बारापैकी एक." त्याचा आवाज हळूहळू साधा होत गेला. "एक कप. एक कप. एक ताट, मोरवाला सेट. इनास, हे किती आहेत?"

तिने मोजून घेतले. महिन्यात दोनशे चौदा.

"चुकून लिहीत असतील. एक कप घेऊन कुणी काय करेल? पाहुणे आले तर एकालाच चहा देईल?"

"त्यातून चहा पितंय कोण?" मुख्तार म्हणाला. "तुझं लग्न झालं नाही म्हणून तुला कळत नाही. लग्नात कायमा लिहितात ना, मुलीच्या सामानाची यादी? नवरा सही करतो, मुलीचा बाप कागद तिजोरीत ठेवतो. उद्या मोडलंच, तर नवऱ्याने यादीबरहुकूम सगळं परत द्यायचं. त्यात कप बारा म्हणजे बारा. ते बैठकीतल्या काचेच्या कपाटात जातात आणि जन्मभर तिथेच बसतात. पण पुसताना एक पडतो. घर बदलताना एक जातो. मग बाई उरलेले अकरा असे मांडते की फट दिसू नये."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारत कुणी नाही. मोजतात."

इनासने पडद्याकडे नव्याने पाहिलं. "मग नवा सेट का नाही घेत?"

"यादीत तो नाही ना."

ती वहीत भराभरा काहीतरी लिहायला लागली. मुख्तार पुढे वाचत राहिला आणि एका ओळीवर थांबला. हिरवी वेल, टोळासारखं पान, पाकळीचा कान, एकच कप. खाली तीच ओळ पुन्हा. पुन्हा. दर गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, तांतातूनच.

त्या सेटवरच्या पानाला सगळ्या जगात एकच बाई टोळ म्हणायची, आणि ती दर गुरुवारी चारला त्याच्याच घरातलं काचेचं कपाट पुसायची.

सत्तावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या ईदला, सासरच्यांसमोर करायची एक गंमत मुख्तार घरात एकटा असताना शिकत होता. टेबलावरचं कापड झटक्यात ओढायचं, कप जागच्या जागी. अकरा राहिले. बाराव्याचा कान तुटला. त्याने तो चिकटवला, मागच्या रांगेत ठेवला, चीर भिंतीकडे केली आणि गंमत रद्द केली. बायकोला, नबवियाला, त्याने शब्दाने कळू दिलं नव्हतं. चहाच्या टपरीवर मात्र हा किस्सा तो रंगवून सांगायचा. आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम, असं म्हणायचा.

"काय झालं?" इनासने विचारलं.

"काही नाही. कचरा चांगला आहे तुझा."

दुसऱ्या दिवशी तो अब्दुलमुअती या भांड्यांच्या ठोक व्यापाऱ्याच्या तळघरात गेला. वाहतुकीत एखादा नग फुटला की तो सेट मेला. नऊ ताटांचा सेट कुणी घेत नाही. असे मेलेले सेट तिथे छतापर्यंत रचलेले आहेत हे मुख्तारला गाडीच्या दिवसांपासून माहीत होतं.

"कशाला हवेत?" अब्दुलमुअतीने विचारलं.

"सिनेमावाले आलेत. नवराबायकोचं भांडण आहे, वीस मिनिटांचं."

"वीस मिनिटं?"

"बायको मन्सूरा गावची दाखवलीय."

अब्दुलमुअतीची बायको मन्सूऱ्याची होती. त्याने मान डोलावली आणि अडगळीच्या भावात खोकी दिली. वर दोन खोकी आपणहून ठेवली.

इनासने उरलेलं भांडवल त्या खोक्यांत आणि त्यांच्या गाडीभाड्यात घातलं. देण्याआधी तिने नोटा तीनदा मोजल्या, हे मुख्तारने पाहिलं आणि त्या एकदाच चेष्टा केली नाही. तीन दिवस दोघं जमिनीवर बसून वेली, मोर, फुलं वेगळी करत होते. एकेका नगाचा फोटो, समोरून आणि तळाचा. तळाचा शिक्का पाहिल्याशिवाय बाई विश्वास ठेवणार नाही, हे मुख्तारचं म्हणणं. हिरव्या वेलीचे चार कप आणि एक बशी त्याला शेवटच्या खोक्यात सापडली. त्याने ते पुसले आणि रांगेत सगळ्यांच्या मागे ठेवले.

"हेही टाकायचे ना साइटवर?" इनासने विचारलं.

"टाक. का नको?"

पहिल्या आठवड्यात चाळीस पार्सलं गेली. पूर्वी दारात जाऊन निम्मी परत यायची. मन बदललं, नवरा नको म्हणाला, उद्या या. आता एकही परत आलं नाही. डिलिव्हरीवाला म्हणाला, बायका जिन्यात उभ्या असतात. एका कपाला बायका तीन कपांचा भाव देत होत्या आणि वर दुवा देत होत्या. मग एकीने लिहिलं, मोरवाली तीन ताटं मिळतील का, धाकटीचं लग्न आहे, सामान पाहणारे येणार आहेत. तिच्या मागून आणखी अकरा जणींनी. शुक्रवारी वडिलांचा फोन आला तेव्हा इनास पार्सलवर पत्ता लिहीत होती. फोन खांद्यात धरून ती म्हणाली, "अब्बा, ती जागा देऊन टाका कुणाला तरी."

पुढच्या गुरुवारी, सव्वाचारला, मुख्तारने छापलेल्या ऑर्डरींचा गठ्ठा बांधायला घेतला. वरून सातवी. हिरवी वेल, कप, नग एक. खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं: इनास बाळा, पत्ता तुला माहीतच आहे. मामाला इतक्यात सांगू नकोस. नबविया मामी.

त्याने ती दोनदा वाचली. इनास फोनवर होती. कागदाची घडी करून त्याने खिशात टाकली, चारांतला सगळ्यात चांगला कप निवडला आणि नेहमीच्या दुप्पट कागदी चुरा घातला. पत्ता मात्र इनासकडून लिहून घेतला. आपलं अक्षर घरी ओळखतात, हे कारण त्याने सांगितलं नाही.

शनिवारी पार्सल पोचलं. बुधवारी तो गोंदाची ट्यूब शोधत होता. शर्टाच्या खिशात नव्हती, खणात नव्हती.

शुक्रवारी नमाजावरून येऊन तो बैठकीत टेकला. काचेच्या कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवून त्याने बघितलं आणि मोजलं. बारा. मागच्या रांगेतल्या कपाचा कान आता भिंतीकडे नव्हता.

नबवियाने चहा आणून समोर ठेवला. हिरव्या वेलीच्या कपात. या घरात त्या सेटमधून चहा कधी कुणी प्यायला नव्हता. कानापाशी जुन्या गोंदाची रेघ होती, पिवळी पडलेली.

"साखर बघ बरं," ती म्हणाली आणि समोर बसून मुलूखियाच्या भाजीची पानं खुडू लागली.

मुख्तारने कप उचलला. बशी त्याच्याबरोबर वर आली.

नबवियाची मान खाली होती. पानं एकेक करून टोपलीत पडत होती, आणि तिचे खांदे हलत होते.