एका पावसाची भिंत

आमच्या तिमझ्रित गावची शाळा कशाची बांधायची, हे ठरवायला राजधानीहून एक संगणक आला. सोबत सुकैना नावाची इंजिनीयर बाईही होती, पण निर्णय संगणकाचा. इमारतीपायी हवेत किती कार्बन जाईल याचा तो अंदाज काढणार. ज्याचा आकडा कमी, त्याला काम.

एकीकडे सिमेंटवाला ठेकेदार जिलाली. दुसरीकडे आमचा उस्ताद बासू, फळ्यांच्या साच्यात माती धुमसानं ठोकून भिंत उभी करणारा. द्राआ नदीच्या खोऱ्यातला तो शेवटचा उस्ताद. हे काम गेलं तर धुमस चुलीत घालीन, असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. तिनं सरपण आणणं थांबवलं होतं.

संगणकाला सिमेंटचे चाळीस प्रकार तोंडपाठ. इमारत किती टिकेल विचारल्यावर जिलालीनं डोळ्याची पापणी न लवता साठ वर्षं सांगितली. त्यानं परवापरवा बांधलेला बसथांबा तेव्हा खजुराच्या खोडांच्या टेकूवर उभा होता.

मग बासूची पाळी. यंत्राच्या यादीत माती फक्त ‘राडारोडा’ या सदरात. त्यामुळे त्यानं हिशेबात आमची भिंत आधी दोनशे किलोमीटरवरच्या उकिरड्यावर नेली. माती वाहणारं गाढव तर यादीत नव्हतंच. ते ‘लहान वाहन, डिझेल’ झालं. एवढं होऊनही बासूच पुढे होता. तेवढ्यात बाईंनी भिंतीचं आयुष्य विचारलं.

“एक पाऊस,” बासू म्हणाला. “तोही देवाच्या मनात असेल तर.”

मी बासूच्या साच्याच्या फळ्या धरणारा; आमच्या धंद्यात भिंतीचं वय कुणी सांगत नाही, दृष्ट लागते. बाई शहरातल्या. त्यांनी इमानदारीनं एक वर्ष लिहिलं. हिशेब होता साठ वर्षांचा, म्हणून यंत्रानं आमची शाळा साठ वेळा पाडून साठ वेळा बांधली, आणि बिचारं गाढव साठ वेळा डिझेल प्यायलं. जिलालीनं खुशीत सगळ्यांना चहा ओतला. बासूलाही.

मी बाईंना विचारलं, उन्हाचा त्रास नाही ना होत?

“नाही इदीरकाका, या जुन्या भिंतीची सावली छान आहे.”

“बासूच्या खापरपणजोबानं ठोकलीय ती. तोही एकच पाऊस म्हणाला होता.”

बाईंनी मान वर करून भिंत पाहिली, शेंड्यापर्यंत. मग अगदी हळू म्हणाल्या, “उस्ताद, खरं सांगा ना.”

बासू आपल्या चपला बघत बसला. काम गेलं तरी चालेल, न जन्मलेल्या भिंतीला तो दृष्ट लावणार नव्हता.

“तीनशे लिहा,” मी म्हणालो. “दृष्ट लागायची ती माझ्या जिभेला लागू दे.”

यंत्र शंभराच्या वर ऐकेना. बाईंनी शंभर लिहिले. आकडा इतका खाली गेला की राजधानीहून पत्र आलं: सदर इमारत बांधण्याचा इरादाच दिसत नाही, खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला.

शाळा उभी राहिली. तिसऱ्या भिंतीला केसाएवढी चीर आहे. मला ती चष्मा लावूनही दिसत नाही. बासू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी ती दाखवतो, मग माझ्याकडे बोट करतो. दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. भिंत किती टिकेल असं कुणी विचारलं, तर सांगतो, “इदीरनं तोंड उघडलं नसतं, तर एक पाऊस नक्की टिकली असती.”