माझा सातवा भाग

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि माझे आठ तुकडे आहेत. माझं नाव विचारू नका, ते ज्या पानावर होतं ते पान केव्हाच गळून पडलं. एका थोरल्या भावाने धाकट्याला घराबाहेर काढलं, त्यानंतरच्या तीस वर्षांची गोष्ट माझ्यात आहे. जाणकार मला अभिजात म्हणतात. म्हणतात आणि पुन्हा कपाटात ठेवतात.

माझी उमेदीची वर्षं चिंचवडच्या एका कामगार वाचनालयात गेली. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! शिफ्ट सुटली की माझ्यासाठी नंबर लागायचे. ग्रीसने माखलेल्या बोटांचे ठसे अजून माझ्या समासात आहेत. पुढे वाचनालयाच्या जागी गोदाम झालं आणि मी गोणीत भरून थेरगावच्या रद्दीवाल्याकडे गेले. तिथे कितीतरी वर्षं वजनकाट्याशेजारी धूळ खात पडले होते. खरं सांगते, मी आशा सोडली होती.

तिथून मला उचललं ज्योतीरामने. हा चाकणच्या एका कंपनीत फिटर. चिखलीच्या मारुती मंदिराच्या सभामंडपात दर गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आठ जण जुनी पुस्तकं वाचायला जमत. फी नाही, वर्गणी नाही, कोणी गुरुजीही नाही. वाचायचं आणि जे वाटेल ते बोलायचं. पण माझी आवृत्ती केव्हाच संपलेली, प्रत एकच, आणि माणसं तीन शिफ्टमध्ये विखुरलेली. ज्योतीरामने आपल्या कामाच्या रीतीने तोडगा काढला. कोणी रिकामं बसायला नको म्हणून त्याने हॅकसॉच्या पात्याने माझी पाठ कापली, आठ भाग केले, एकेक भाग खोक्याच्या पुठ्ठ्यात दाभणाने शिवला आणि आठ जणांना वाटून टाकला. दर गुरुवारी भागांची अदलाबदल व्हायची. मी मनातून फार संतापले. कोणाला माझी सुरुवात आधी मिळाली, कोणाला मध्य, आणि सोनबांना मिळाला शेवट. मग पहिला, दुसरा असं करत सातवा भाग त्यांच्याकडे सगळ्यात उशिरा येणार होता.

सोनबा चिखलीचे मूळ शेतकरी, पंच्याहत्तरी ओलांडलेले. माझ्या शेवटच्या भागात थोरला भाऊ धाकट्याच्या घरी, धाकट्याच्याच खाटेवर प्राण सोडतो. त्या भागात धाकट्याचं नावही नाही. सोनबांनी आपल्या मनाने ठरवलं, तो काही आणायला बाहेर गेला असेल. म्हणजे दोघांचं जुळलं होतं तर. मग त्यांना एकच प्रश्न लागून राहिला. आधी कोण बोललं?

हा प्रश्न उगाच नव्हता. सोनबांचा धाकटा भाऊ गेनू दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि चौदा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. वाटणीत विहीर कोणाची, यावरून बिनसलं होतं. आज त्या विहिरीवर सोसायटीचं पार्किंग आहे, भांडण मात्र होतं तिथेच होतं. भावकीच्या लग्नात दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवत. मंडळात सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण पुढचा भाग कोणाला फोडून सांगायचा नाही, असा नियम होता. सोनबा दर गुरुवारी विचारत आणि ज्योतीराम म्हणे, सातव्या भागात आहे, आबा, थोडा धीर धरा.

सहावा भाग वाचून झाला आणि सोनबांचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्या गुरुवारी मंडळ त्यांच्या खाटेभोवती बसलं. सातवा भाग आता त्यांच्या वाट्याचा होता आणि तो होता यशोदाबाईंकडे. या परभणीकडच्या, कामगारांची खानावळ चालवणाऱ्या. त्यांनी तो सकाळीच वाचून संपवला होता.

त्या भागात काय आहे ते सांगते. थोरला भाऊ दारात पोचतो तेव्हा घराला कुलूप असतं. धाकटा वर्षापूर्वीच वारलेला असतो. शेजारी किल्ली आणून देतात. दोघांचं बोलणं कधी होतच नाही.

सोनबांनी हात पुढे केला. "आणला का सातवा?"

"हरवला, आबा. रिक्षात राहिला," यशोदाबाई म्हणाल्या.

पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि मी त्या पिशवीत होते. ज्योतीरामला माझा पुठ्ठा दिसला. त्याने मान खाली घातली. बाकीच्यांनीही तो भाग वाचलेला, पण कोणी ब्रही काढला नाही.

"मंग तोंडानं सांगा. आधी कोन बोललं?"

यशोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "थोरला. दारात उभा राहिला, काय बोलावं ते कळंना त्याला. मग म्हणला, पाणी दे."

"येवढंच?"

"एवढंच, आबा."

मला भयंकर राग आला, मित्रांनो. ज्याने मला लिहिलं त्याने ते बंद दार किती कष्टाने लिहिलं होतं! आणि ही बाई माझ्यादेखत माझ्याबद्दल खोटं सांगत होती.

सोनबांनी सुनेला, रोहिणीला, जवळ बोलावलं. म्हणाले, "गेनूला सांगावा धाड. म्हनावं, पानी घेऊन ये."

गेनू आला. पायात चप्पल नव्हती, हातात पाण्याचा तांब्या होता. त्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटभर पाणी पाजलं. दोन्ही म्हातारे रडले, आणि मला माझ्या रागाची लाज वाटली. त्यानंतर सोनबा नऊ दिवस जगले. नऊही दिवस गेनू त्यांच्या उशाशी होता.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी गेनू सभामंडपात आला. भाऊ काय वाचत होता ते मला वाचायचंय, म्हणाला. त्याला पहिल्या भागापासून क्रमाने वाचायला दिलं. सातव्याची वेळ आली तेव्हा यशोदाबाईंनी तो स्वतः त्याच्या हातात ठेवला आणि हरवला नव्हता, एवढंच सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सगळे जीव मुठीत धरून बसले होते. गेनूने मला सतरंजीवर ठेवलं.

"माज्या भावाला तुमी जे सांगितलं, ते ह्यात न्हाई."

"नाही," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांना वर बघवेना.

गेनू माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ज्यानं ह्ये लिव्हलंय, त्याला तुमी भेटाया पायजे व्हत्या."

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, आम्हाला वाळवी लागू देऊ नका. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. आम्हाला एकट्याने वाचून मिटून ठेवू नका. चार माणसांत बसून वाचा, वाद घाला, आणि कोणाशी अबोला असेल तर आमचं शेवटचं पान येईपर्यंत थांबू नका. माझ्यातलं ते दार मला उघडता येणार नाही, कारण ते तसंच छापून झालं आहे. तुमचं अजून छापून झालेलं नाही.