हार्डचं हार्डली

इंद्रकुमार सरांचा गोंदियाजवळच्या कुडव्यातला स्पोकन इंग्लिशचा क्लास अकरा वर्षं चालू होता, आणि या अकरा वर्षांत त्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. त्यांचा एक लाडका नियम होता. कॅन, विल, शुड, मे यांपैकी काहीही आलं, की त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एक 'ली'वाला शब्द बसवायचा, वाक्याला वजन येतं. 'आय विल सर्टनली कम.' 'यू शुड रिअली ट्राय.' आणि ली लावायचा कसा? स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, हार्डचं हार्डली. पोरं एका सुरात म्हणायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आचल नावाच्या नव्या मुलीने हात वर केला.

"सर, 'आय कॅन हार्डली हिअर यू' म्हणजे काय?"

"मी तुझं अगदी मेहनतीनं ऐकू शकतो," सर म्हणाले.

"पन सर, मोबाईल तर उलटंच सांगून राहिला. जेमतेम ऐकू येते म्हनते. म्हंजे जवळपास नाहीच."

"मोबाईलवर काहीही येतं. बस खाली."

वर्ग हसला. आचल खाली मान घालून बसली.

वर्ग सुटल्यावर सरांनी कपाटावरची डिक्शनरी काढली. वर धूळ होती, आतली पानं कोरी करकरीत होती. हार्डली : जेमतेम, जवळजवळ नाहीच. मेहनतीनं म्हणायचं असेल तर नुसतं हार्ड, तेही क्रियापदानंतर. सरांनी तीनदा वाचलं. आधी त्यांना आचलचा चेहरा आठवला. मग रुचिका आठवली.

रुचिका दवनीवाड्याहून रोज बसने यायची. दोन वर्षांत तिने एक दिवस चुकवला नव्हता. ऑगस्टमध्ये गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली, तेव्हा तिने शिफारसपत्र मागितलं. सरांनी लेटरहेडवर स्वतः टाईप करून, खाली सही करून शिक्का मारून दिलं होतं : 'शी कॅन हार्डली वर्क.' ही खूप मेहनत करू शकते, असं त्यांना म्हणायचं होतं. हिच्याच्यानं काम जेमतेमच होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. नोकरी मिळाली नाही. त्यानंतर रुचिका क्लासलाही आली नाही. "घाबरली असेल इंटरव्ह्यूत," असं सर चारचौघांत म्हणालेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दवनीवाड्याकडे गाडी काढली. धानाची कापणी चालू होती. रुचिकाचे वडील रामलाल बांधावरच भेटले. सरांना पाहून त्यांनी विळा खाली ठेवला, हात जोडले, घरी नेऊन खाटेवर बसवलं. रुचिकाने पाणी आणलं. विळ्यानं कापलेल्या तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"माफ करा जी सर," रामलाल म्हणाले. "तुमी एवढं चांगलं पत्र लिहून देलं, पन पोरगीच कच्ची निघाली. दोन वर्स बसनं गेली, काय शिकली तं देव जाने."

रुचिका आत जाऊन चहा घेऊन आली. सरांनी चहा घेतला. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं करता करता कप रिकामा झाला, आणि ते उठून अंगणात आले.

रुचिका गाडीपर्यंत आली. तिथे ते कसेबसे म्हणाले, "रुचिका, त्या पत्रात चूक होती. माझी."

"मालूम आहे सर."

"कधीपासून?"

"इंटरव्ह्यूतच समजलं. मॅडमनं मोठ्यानं वाचलं ना. तिघंही हसले. तुमच्याच सरांनी लिहून दिलं का, म्हने."

"मग?"

"म्या सांगतलं, सरांनी नुसती सही केली, टाईप म्याच केलं."

"काऊन पण?"

"खाली तुमचं नाव होतं." तिने चिंधीची गाठ दातांनी आवळली. "पन सर, एकडाव पुस्तक तं पाहाचं होतं."

सरांना तिथून पळून जावंसं वाटलं. गाडीची चावी हातातच होती. पण ते वळले, परत अंगणात गेले आणि उभ्याउभ्याच रामलालना सगळं सांगितलं. पत्रात काय लिहिलं होतं, त्याचा अर्थ काय, आणि पोरीने कुणाला वाचवलं.

रामलालनी रुचिकाकडे पाहिलं. "म्हंजे पोरीची चूक नोहती?"

"नव्हती."

"तीन महिने म्या तिले बोलून राहिलो जी." एवढंच म्हणून ते उठले आणि सरांना निरोप न देताच शेताकडे निघाले. सरांना वाटलं, त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सरांनी नवं पत्र दवाखान्यात नेऊन दिलं. जागा भरली होती. मॅडमनी ते घेऊन एका फायलीत ठेवलं. संध्याकाळी त्यांनी वर्गासमोर आचलची माफी मागितली आणि अकरा वर्षं चुकीचं शिकवलं हे सांगून टाकलं. वर्गात कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

जानेवारीत साखर तपासायला सर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले, तर काउंटरवर रुचिका बसलेली. या नोकरीसाठी तिने त्यांच्याकडे पत्र मागितलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. "बसा सर," ती म्हणाली आणि फॉर्म पुढे केला. तेवढ्यात फोन वाजला. ती इंग्रजीत बोलू लागली, भरभर, न अडखळता. "द रिपोर्ट मे प्रॉबॅब्ली कम टुमॉरो."

मे म्हणजेही 'कदाचित', आणि त्यावर त्यांच्याच नियमातला 'ली'वाला प्रॉबॅब्ली, दोन्ही एकदम? सवयीने सरांचं तोंड उघडलं. पण हे बरोबर की चूक, ते त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. त्यांनी तोंड मिटलं आणि फॉर्मवर आपलं नाव लिहायला घेतलं.