बाह्यांचं वजन

काटेवाल्यांची बायको गेली त्याला पाचवा महिना चालू होता, आणि तिच्या विम्याचा चेक अजून ती घरचे पैसे ठेवायची त्या बिस्किटांच्या डब्यात पडून होता. चेकची मुदत गुरुवारी संपत होती. रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या नेहमीच्या बाकावर बसूनच त्यांनी मला हे सांगितलं, आणि तेही अशा आवाजात, की जणू कुठल्याशा दुकानातला काटा बिघडलाय.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं दुकानादुकानांतून पारडी, दांड्या आणि स्प्रिंगा सरळ करत हिंडलेला माणूस. त्यांचा हात लागलेला काटा रिकामा असला की बरोबर शून्यावर उभा राहतो. बायको गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. दोघांचे पगार आले की आधी देवाचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा चर्चला, मग दूध, मग बाकीचं जग. दशांशाचा आकडा काटेवाले काढायचे, अगदी चिल्लरीपर्यंत. मग बाई त्यावर आणखी एक नोट ठेवायच्या.

"हे जास्त झालं," काटेवाले म्हणायचे.

"माप झुकतं असावं."

"झुकला तर तो काट्यातला दोष."

हा वाद एकतीस वर्षं महिन्यातून एकदा झाला आणि दर वेळी बाईच जिंकल्या, कारण डबा त्यांच्या ताब्यात होता.

बाई गेल्या तेव्हा काटेवाले रडले नाहीत. शवपेटीखालचं टेबल एका अंगाला कलतंय हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी खिशातला कागद काढून घडी केली, पायाखाली सारली आणि जागेवर जाऊन उभे राहिले. त्यानंतर ते वेळेवर उठत होते, जेवत होते, कामाला जात होते. कसे आहात विचारलं तर "ठीक" म्हणत होते. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती म्हणाली, "काका, पप्पांच्या घरात बसलं की दवाखान्याच्या बाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटतं."

आणि मग हा चेक. साडेचार लाखांचा.

"भरून टाका की," मी म्हणालो.

"भरला की घरात पैसे आले. आले की दशांश काढायचा. दशांश मिळकतीचा असतो." ते थोडा वेळ समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिले. "ही गेली आणि मला मिळकत झाली, असं होतं ते."

"मग काढू नका दशांश."

"आमच्या घरात दशांश न काढता पैसा राहिलेला नाही. तिला चालायचं नाही."

तर असा तो काटा मध्येच अडकून बसला होता. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं होतं. पाळकसाहेब तरुण आणि प्रामाणिक, आणि अशा माणसाकडून मंडळीला आर्थिक धोका असतोच. ते म्हणाले, "ही मिळकत नव्हे, नुकसानभरपाई आहे. हिच्यावर दशांश लागत नाही. देव तुमच्याकडे काही मागत नाहीये." हे चर्चच्या खजिनदारांच्या कानावर गेलं. खजिनदार कर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी काटेवाल्यांना फाटकात गाठलं. "आलं ते आलं. कुठून आलं हा प्रश्न वेगळा. पाळकसाहेब देवाचं बघतात, मी छपराचं बघतो." चर्चचं छप्पर दोन जागी गळत होतं हे खरंच होतं.

काटेवाल्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांनाही "ठीक" म्हटलं.

मंगळवारी दुपारी त्यांचा मला फोन आला. "जरा घरी या. वजन करायचंय. साक्षीदार लागतो."

गेलो. बाहेरच्या खोलीत टेबलावर दोन पारड्यांचा तराजू मांडलेला. शेजारी उतरत्या क्रमाने वजनं, पुसून लखलखीत केलेली. आणि पलंगावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर बाईंचं सगळं. कपडे, चपला, शिवणाची कात्री, गुंड्यांची बरणी, छत्री. मुलगी दारापाशी हाताची घडी घालून उभी.

"विचारा त्यांनाच," ती मला म्हणाली. "मी विचारून थकले."

"चेकचं मला ठरवता येत नाही," काटेवाले म्हणाले. "पण ती मागे जे ठेवून गेली ते समोर आहे. त्याचा दशांश काढता येतो. आधी तेवढं करून घेतो."

"वजनावर?" मी विचारलं.

"मग कशावर?"

मी खुर्चीवरची छत्री बाजूला केली आणि बसलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळं सुचावं अशी अपेक्षा नसते.

त्यांनी गुंड्यांपासून सुरुवात केली. सहाशे ग्रॅम भरल्या. साठ ग्रॅम मोजून कागदाच्या पुडीत. बरणीच्या वजनापुरता त्यांनी दुसऱ्या पारड्यात आधी एक दगड ठेवला होता, तेव्हा देवाच्या वाट्याला काच गेली नाही. चपला पाच जोड, म्हणजे दशांशाला एक चप्पल. ती त्यांनी जराही न कचरता पिशवीत टाकली. मुलीने ती परत काढली, तिची जोडीदारीण शोधली आणि दोन्ही टाकल्या. काटेवाल्यांनी वहीत "चप्पल: एक जास्त" एवढं लिहिलं.

मग कपडे. एकूण तेवीस किलो चारशे. म्हणजे द्यायचे दोन किलो तीनशे चाळीस. एका पारड्यात त्यांनी तेवढी वजनं ठेवली, दुसऱ्यात कपडे रचायला घेतले. चांगले बघून ठेवत होते, हे सांगायला हवं. उसवलेलं एकही नव्हतं. शेवटी एकशे साठ ग्रॅम कमी पडले आणि हातात राहिला निळा स्वेटर, बाईंनी स्वतः विणलेला. त्याचं वजन चारशे दहा.

त्यांनी स्वेटर टेबलावर पसरला. एक बाही धरून हातात तोलली. चाळीस वर्षांचा हात, फसायचा नाही.

"ऐंशी," ते म्हणाले. "दोन्ही मिळून एकशे साठ." आणि बाईंची शिवणाची कात्री उचलली.

कात्री बाहीच्या जोडापाशी उघडी होती आणि ते टाका कुठे संपतो ते बघत होते, अगदी शांतपणे.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "म्हणजे बिनबाह्यांचा स्वेटर तुम्ही ठेवणार आणि नुसत्या बाह्या देवाला?"

"वजन बरोबर येतं."

"देव त्या घालणार कशा?"

काटेवाल्यांनी यावर खरोखरच विचार केला. मला त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसला.

"थंडीत कुणाला तरी घालायचाय तो," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता चिडका राहिला नव्हता. "मम्मीने नुसती बाही कधी विणली नाही. अख्खा विणलाय."

त्यांनी कात्री मिटली. स्वेटरची घडी केली, तिच्या घडीसारखी, बाह्या आत वळवून, आणि पारड्यात ठेवली. पारडं खाली गेलं आणि टेबलाला टेकलं. काटा एका बाजूला जाऊन अडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तसा बघूनही त्यांनी हात पुढे केला नाही.

"अडीचशे जास्त," ते म्हणाले.

"लिहा वहीत," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं नाही. पेन्सिल कानामागे खोचली. मग मुलीला म्हणाले, "बँक किती वाजता उघडते?"

"दहाला."

"उद्या साडेनऊला ये."

बुधवारी चेक भरला आणि येताना कपड्यांची पिशवी चर्चमध्ये गरजूंसाठी दिली. पैसे खात्यावर चढायला आणखी काही दिवस लागले. पुढच्या पुढच्या रविवारी अर्पणाची थैली आमच्या बाकावर आली तेव्हा काटेवाल्यांनी तिच्यात एक जाड पाकीट टाकलं आणि थैली माझ्याकडे सरकवली. माझी नोट त्यानंतर फारच सडपातळ दिसली.

उपासना सुटल्यावर आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. खजिनदार हातात पाकीट घेऊन लगबगीने आले.

"काटेवाले, साडेचारचा दशांश पंचेचाळीस. हे पन्नास आहेत. पाच हजार परत घ्या."

"राहू द्या."

"अहो, कुठल्या खात्यात दाखवू? तुमचा हिशोब चुकलाय, असं तर कधी होत नाही."

"काट्यात दोष आहे," काटेवाले म्हणाले.

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

खाली फाटकापाशी, सभागृह झाडणारी बाई खुर्च्या एकावर एक चढवत होती. अंगात निळा स्वेटर होता. ती उंच, आडव्या हाडाची. मनगटं चांगली चार बोटं बाहेर राहिली होती. काटेवाले तिच्याकडे बघत होते. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

"बाह्या आखूड होतात तिला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"पण आहेत."